वळमधला ळ

आमची शाळा स्वयंपाकघरात भरायची आणि तिची एक भिंत यंत्रमागाच्या कारखान्याची होती. पलीकडे लूम सुरू असले की मांडणीतले पेले थरथरायचे. त्या खडखडाटात मी पाढे शिकवले, बेरजा शिकवल्या, नद्यांचे उगम पाठ करून घेतले, आणि सगळं ओरडून. मधेच वीज गेली की पलीकडचा आवाज एकदम थांबायचा आणि माझं "सात पंचे" अख्ख्या आळीला ऐकू जायचं. शेजारणी आपापल्या दारातून "पस्तीस" म्हणून मोकळ्या व्हायच्या. त्यांना आमच्या शाळेची मोठी गंमत वाटत असे.

विद्यार्थी दोन, दोन्ही पोटचे. थोरला पहिलीत असताना त्याला कावीळ झाली आणि बरेच दिवस घरी ठेवावं लागलं. ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. बरा झाल्यावर मी त्याला घेऊन शाळेत गेले, तर वर्गाच्या बाईंनी हा नवीन मुलगा का, असं मलाच विचारलं. आता वाटतं, त्यांचा तरी काय दोष? वर्गात पोरं दाटीवाटीनं कोंबलेली आणि बाई एकट्या. पण मी मूळची तापट. त्याचं दप्तर उचललं, त्याचा हात धरला आणि आलेल्या पावली परत फिरले. लग्नाआधी मी कल्याणला शिक्षिका होते. लग्नानंतर भिवंडीत नोकरी मिळाली नाही आणि मुलं झाल्यावर मी ती शोधलीही नाही, पण शिकवायची खाज काही गेली नव्हती. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं की चौथीपर्यंत मी ह्याला घरीच शिकवणार, आणि धाकट्यालाही.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. हे एका लूमच्या कारखान्यात मेहता होते. म्हणजे तयार कापडाचे ताके मोजून घ्यायचे, कारागिरांच्या हजेऱ्या ठेवायच्या, सूत संपत आलं की शेटच्या मागे लागायचं. मॅट्रिक झालेले, अक्षर माझ्याहून सुबक. माझं सगळं रामायण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला जमतंय तर कर. तू शिकलेली हायस." नातेवाइकांनी नावं ठेवली, पोरांना घरकोंबडी करणार म्हणाले, पण हे माझ्या बाजूनं उभे राहिले. तेव्हा ह्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं. हा विचारही तसा माझ्या सोयीचाच.

वळ हे ह्यांचं गाव, भिवंडीला लागूनच. आता तिथे नुसती गोदामं आहेत, तेव्हा भातशेती होती. आमच्याकडच्या गावांमधून ळ नाही. लिहिताना आहे, बोलताना नाही. तिथे शाळेची शाला होते, डोळ्याचा डोला होतो, आणि वळला गावचीच माणसं वल म्हणतात. पाण्याचं पानी होतं. आहे म्हणजे हाय, नाही म्हणजे न्हाय. माझं माहेरही असल्याच एका गावातलं, पण माझे वडील प्राथमिक शिक्षक झाले, त्यांनी कल्याणला बिऱ्हाड केलं आणि आम्हा भावंडांच्या जिभेवरून गाव घासून घासून काढलं. भांडं घासावं तसं. माझी आई मात्र तशीच राहिली. पाहुणे आले की ती चहा ठेवून आत निघून जायची. ती अबोल आहे असं आम्ही सगळेच म्हणायचो. तिला अबोल कुणी केलं, हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि तेच पुढे माझ्या घरात सुरू झालं तरी मला ओळखू आलं नाही.

लूमला सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी भिंत गप्प असायची, ओरडावं लागायचं नाही, म्हणून उच्चारांचा तास मी शुक्रवारी ठेवला. ळ आणि ल, ण आणि न, ह्यांतला फरक एरवीच्या खडखडाटात कुणाला कळणार? आणि शुक्रवारी हेही घरी असायचे. ह्यात माझा काही डाव नव्हता. सोयीसोयीनं तसं ठरत गेलं. हे खाटेवर बसून चहा पीत, पोरं खाली चटईवर, आणि मी ओट्याशी काहीतरी निवडत.

पोरांना कंटाळा येऊ नये म्हणून मी एक खेळ काढला. बोलताना कुणाचा शब्द चुकला की ऐकणाऱ्यानं टाळी वाजवायची आणि बरोबर शब्द सांगायचा. हाय म्हटलं की टाळी. न्हाय म्हटलं की टाळी. पोरं दिवसभर आळीतल्या मुलांमध्ये हुंदडायची, तिथून हे शब्द घेऊन यायची, आणि शुक्रवारी त्यांचा हिशेब चुकता व्हायचा. एखाद्यानं एकही टाळी न मिळता अख्खा धडा म्हणून दाखवला की मी म्हणायची, "आता तुला बोलता आलं." बोलता येणं ह्याचा आमच्या शाळेतला अर्थ तो. धाकट्याला तर हे ऐकायची इतकी हौस की एखादं वाक्य बिनचूक म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, "आई, बोलता आलं का?" मग मी मान डोलवायची. बाहेरचं कुणी ऐकत असतं तर म्हणालं असतं, हा पोरगा इतकी वर्षं मुका होता की काय.

ह्यांना गोष्टी सांगायचा भारी नाद होता. पुस्तकातल्या नाहीत, गावच्या. खाडीच्या कडेला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला गेलेला चुलता, त्याच्या धोतरात शिरलेली चिंबोरी, आणि तशाच अवस्थेत त्यानं काढलेली गावाची प्रदक्षिणा. हे सांगताना हे खाटेवरून उठायचे, चुलत्यासारखे पाय फाकून चालायचे. पोरं चटईवर लोळायची. मीही हसायची. सुरुवातीला टाळीचा खेळ ह्यांनाही आवडला होता. ते मुद्दाम चुकायचे, पोरांना टाळ्या वाजवू द्यायचे, आणि वर त्यांनाच दटावायचे की माझी गोष्ट मोडता काय.

एका शुक्रवारी ह्यांनी नवी गोष्ट काढली. चिंबोरीचीच, पण दुसरी. मी तांदूळ निवडत होते.

"आमच्या वलला..." एवढं म्हणाले असतील, तोच धाकट्यानं टाळी वाजवली.

"चुकलं. वळ."

"आरं, माजाच गाव त्यो," हे हसत म्हणाले. "मना म्हाइत न्हाय का?"

मग काय, दोघांनी मिळून टाळ्यांचा पाऊस पाडला. मना नाही, मला. म्हाइत नाही, माहीत. न्हाय नाही, नाही. प्रत्येक शब्दाला टाळी. आणि मी तिथे ताट मांडीवर घेऊन हसत होते. नुसती हसून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, दाखवा रे बाबांना, जीभ कुठे लावायची ते. थोरल्यानं तोंड उघडून, जीभ उलटी वळवून दाखवली. हे खाटेवर पुढे सरकून बसले, पोराच्या तोंडात बघितलं, स्वतःची जीभ तशी वळवली आणि म्हणाले, "वल." पोरं खिदळली. पुन्हा केलं, पुन्हा वल. स्वतःच्या गावाचं नाव माणूस पोरांपुढे पुन्हा पुन्हा म्हणून बघतो आहे आणि दर वेळी चुकतो आहे. हे सुद्धा हसत होते, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ते मला दिसलं होतं. पुढे मी मुलांना वाचायला बसवलं. चिंबोरीचं काय झालं ते राहूनच गेलं.

त्या दिवसानंतर हे रुसले, भांडले असं काहीही झालं नाही. झालं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते, दोन ऐकून घेतले असते आणि विषय मिटला असता. ह्यांनी फक्त गोष्टी बंद केल्या. पोरं मागे लागली की म्हणायचे, पुन्हा कधीतरी. मग पुन्हा कधीतरीही म्हणेनासे झाले. हं, हो, मान हलवणं, एवढ्यावर भागू लागलं. शुक्रवारी कारखाना बंद असूनही हे कारखान्यात जाऊ लागले, सुताचं काहीतरी बघायचं आहे म्हणून. मुलांशी बोलावंच लागलं तर हिंदीत बोलायचे. "चलो, खाना खा लो," "इधर आओ," असं. कारागिरांशी दिवसभर हिंदी बोलायची सवय, म्हणून घरातही तीच येते असं मी समजले. हिंदीला आमच्या खेळात टाळी नव्हती हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं. शुक्रवारचा तास कसा शिस्तीत पार पडायचा. मधे मधे गावठी बोलून मी शिकवलेलं पुसणारं कुणी नव्हतं. मी हा शब्द मनात वापरला होता, गावठी. माझ्याच नवऱ्याबद्दल, माझ्याच आईच्या बोलीबद्दल. मला त्याची आजही लाज वाटते, आणि वाटत राहावी अशीच ती आहे.

मुलं मात्र चमकली. थोरला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा तेव्हा आळीतली बाया-माणसं थांबून ऐकायची. त्याची पाचवी आली तेव्हा भिवंडीतल्या एका नावाजलेल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोघांची परीक्षा घेऊन प्रवेश द्यायचं कबूल केलं. थोरल्याला पाचवीत, धाकट्याला तिसरीत. आईवडील दोघांनीही यायचं होतं. मी आठवडाभर पोरांना रगडलं. पोरांची मला चिंता उरली नव्हती. चिंता होती ह्यांची.

ह्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून आणला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. शाळेच्या जिन्यात मी त्यांना हळूच म्हटलं, "मी बोलते सगळं. तुम्ही नुसते बसा." मुलं ऐकत होती. ह्यांनी मान हलवली आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

मुख्याध्यापक वयस्क होते, मराठीचे कडवे अभिमानी, पण मनानं मऊ. त्यांनी थोरल्याकडून एक उतारा वाचून घेतला, धाकट्याकडून कविता म्हणवून घेतली. मग खास ळचे शब्द विचारले. कमळ, बाळ, डोळा, काळजी, सगळे दोघांनी खणखणीत म्हटले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भिवंडीत इतके स्वच्छ उच्चार आपण कुठल्या मुलाच्या तोंडून ऐकले नव्हते, असं ते म्हणाले, आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. तेवढ्यात त्यांनी ह्यांच्याकडे वळून अगदी सहज, कौतुकानंच विचारलं, आपलं मूळ गाव कोणतं.

साधा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यांची जीभ वळताना पाहिली. मग त्यांची नजर टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या पोरांवर गेली आणि तोंड तसंच मिटलं. मी उत्तर द्यायला हवं होतं. मीच सगळं बोलणार होते ना? पण मला वाटत होतं, ह्यांनी म्हणावं, एकदा तरी बरोबर म्हणावं, आणि मी वाट बघत राहिले. त्या शांततेत धाकटा मदतीला धावला.

"सर, बाबांना बोलता येत नाही."

आमच्या शाळेतला अर्थ आमच्या शाळेपुरता होता. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचं कौतुक जाऊन तिथे एकदम दया आली. त्यांनी माझ्याकडे पाहून आवाज खाली आणत विचारलं, "जन्मापासून?"

मी म्हणाले, "नाही, म्हणजे तसं नाही," आणि पुढचे शब्द जुळवू लागले. काय सांगणार होते मी? ह्यांना बोलता येतं, पण ह्यांचं बोलणं तुमच्यासमोर काढण्यासारखं नाही? मुलांना आम्ही ह्यांच्या शब्दांना टाळ्या वाजवायला शिकवलं आहे? मी अडखळते आहे हे ह्यांनी पाहिलं. त्यांनी आपला हात गळ्याला लावला, मुख्याध्यापकांकडे बघून थोडंसं हसले आणि मान हलवली. नाही, येत नाही, अशी.

मुख्याध्यापक उठले, टेबलाला वळसा घालून आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी सावकाश, ओठ मोठे करून म्हणाले की अशा परिस्थितीतही तुम्ही मुलांना फार छान घडवलंत. ह्यांनी हात जोडले. मी तिथेच बसले होते. तोंड होतं, जीभ होती, ळ सुद्धा होता, आणि मी एक अक्षर बोलले नाही. प्रवेश झाला होता ना. तो हातचा जाऊ नये एवढंच माझ्या मनात होतं.

बाहेर आल्यावर पोरांना वाटलं हा बाबांनी केलेला विनोद आहे. बाबा मुके, बाबा मुके, करत ती फाटकापर्यंत उड्या मारत गेली. फाटकाबाहेर उसाचा रस होता. "चार गिलास देना भाई, बरफ कम," हे गाडीवाल्याला मोठ्यानं म्हणाले. ग्लास हातात देताना माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, की मला बघवलं नाही, आठवत नाही.

शाळेपुरते हे मुके झाले ते कायमचे. पालकसभेला हे यायचे, मागच्या बाकावर बसायचे. गॅदरिंगला यायचे. शिक्षक त्यांच्याशी हातवारे करून बोलायचे. मुलांनीही हळूहळू ते पत्करलं. वर्गातल्या पोरांनी विचारलं तर बाबा बोलत नाहीत असं सांगून मोकळी व्हायची. मोठी होत गेली तसा त्यातला विनोद त्यांनाही कळेनासा झाला.

एकदा आम्ही दोघं बाजारात भाजी घेत होतो. हे भेंडीवाल्याशी हिंदीत रंगात येऊन घासाघीस करत होते. समोरून मुख्याध्यापक येताना दिसले. ह्यांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यांनी बोटानं भेंडी दाखवली, बोटानंच अर्धा किलो सांगितला. भेंडीवाला ह्यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. तो बघतच राहिला. "क्या हुआ मेहताजी, गला बैठ गया?" मुख्याध्यापकांनी जवळ येऊन ह्यांना हातानं, कसं काय, असं विचारलं, ह्यांनी हातानं, छान, असं सांगितलं. ते गेल्यावर ह्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. भेंडी मीच मोजून घेतली. हसू येण्यासारखा प्रसंग होता तो, आणि मला रस्त्यात रडू कोसळलं.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, मी उद्या शाळेत जाते आणि सगळं खरं सांगून येते. हे भाकरी मोडत होते. "आता काय सांगनार?" म्हणाले. "पोरांचं नाव खराब व्हईल. ऱ्हाऊ दे." माझ्याशी एकटीशी ते अजून असं बोलायचे. मी राहू दिलं. जिथे भांडायला हवं होतं तिथे मी भांडले नाही, आणि इतर कुठे भांडायचं कधी सोडलं नाही.

मी काही प्रयत्न केले नाहीत असं नाही. टाळीचा खेळ मोडीत काढला. शुक्रवारी रात्री जेवताना मीच विषय काढायची, तुमच्या चुलत्याचं ते काय झालं होतं हो? हे म्हणायचे, विसरलो. एकदा मी मुद्दाम "हाय" म्हणाले, अगदी ठसक्यात, म्हटलं ह्यांना धीर येईल. थोरल्यानं चमकून माझ्याकडे बघितलं आणि ह्यांनी ताटातली नजर वर केली नाही. मी उसनं आणलेलं ते त्यांना बरोबर कळलं होतं. माझ्या तोंडात तो शब्द नाटकातल्यासारखा वाटला. वडिलांनी इतका साफ घासला होता की तो मला परत मिळण्यातला नव्हता.

नव्वद साल उलटून गेलं. थोरला नववीत असेल. थंडीच्या दिवसांत ह्यांच्या चुलतभावानं आपला टेम्पो काढला आणि आम्ही अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. ह्यांच्या गावची आणखी दोन-तीन घरं बरोबर होती. बायकांची आंघोळ आधी उरकली. मी ओले केस पुसत पुरुषांच्या कुंडाच्या भिंतीबाहेर, पिशव्या सांभाळत बसले. आत पुरुष गळ्यापर्यंत पाण्यात बसलेले असणार. कुणीतरी गोष्ट सांगत होतं आणि बाकीचे हसत होते. मधे मधे पाण्यावर थापा मारल्याचा आवाज यायचा. सांगणारा मोठा वस्ताद होता. एकेका माणसाचा आवाज काढत होता, म्हातारीचा, फौजदाराचा, बोकडाचा सुद्धा. मीही ऐकता ऐकता हसू लागले. हा माणूस कोण असावा, असा विचार करत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आमच्या वलला ही गोस्ट समद्यांना ठाव हाय."

माझ्याच नवऱ्याचा आवाज मला ओळखू आला नव्हता.

मी उठले. भिंतीला वळसा घातला तर तिथे, कुंडाच्या दाराच्या अलीकडे, माझी दोन्ही मुलं उभी होती. कमरेला टॉवेल, अंगावर काटा आलेला, अजून कोरडीच. पाण्यात उतरलीच नव्हती. किती वेळ तशी थंडीत उभी होती कोण जाणे. भिंतीला पाठ लावून, आवाज न करता ऐकत होती. धाकट्यानं हसू बाहेर फुटू नये म्हणून तोंडावर हात धरला होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी खुणेनंच विचारलं, आत का जात नाही?

थोरला माझ्या कानाशी आला. "आत्ता गेलो तर बाबा थांबतील," तो कुजबुजला.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मी पण त्यांच्या शेजारी भिंतीला टेकले. आम्ही तिघं, घरची माणसं, बाहेर उभं राहून चोरून ऐकत होतो आणि परकी माणसं आत बसून ऐकत होती. मला त्या क्षणी आत जाऊन ह्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण गेले असते तर गोष्ट अर्धी राहिली असती, म्हणून नाही गेले. तेवढं एकच शहाणपण मी केलं.

गोष्ट संपली. हसणं बराच वेळ चाललं. मग पाण्यातून उठल्याचे आवाज आले आणि हे सगळ्यात आधी बाहेर आले, ओल्या अंगानं, चेहऱ्यावर अजून हसू तसंच. आम्हाला तिघांना भिंतीशी ओळीनं उभं पाहून ते थबकले. हसू हळूहळू गेलं. धाकट्यानं धीर केला. अगदी लहानपणी बोलायचा तसा, अडखळत म्हणाला, "बाबा, ती गोस्ट... आमाला पन सांगा ना."

त्यानं ते कसं म्हटलं हे माझ्या आधी ह्यांच्या लक्षात आलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. माझा जीव सगळा कानात आला होता. ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, थंडीनं कुडकुडणाऱ्या पोराच्या अंगावर घातला आणि एकेक शब्द नीट ठेवत म्हणाले, "वेळ झाली बाळा. पुन्हा कधीतरी सांगेन."

वेळ. बाळा. दोन्ही ळ लख्ख होते. कधी शिकले होते, कुणासमोर घोकले होते, मला माहीत नाही. त्यांना आता बोलता येत होतं.